तिसगावची गाडी

ज्या माणसाने मला माझ्या बायकोमुलांसकट एका काड्यापेटीत बसवलं, त्याचं नाव सांगण्यात काही अर्थ नाही. श्रीगोंद्यात ते कुणाला ठाऊकच नव्हतं. पोस्टमन, दूधवाला, किराणा दुकानदार, सगळे त्यांना 'कंट्रोलर' म्हणायचे. लाल गाड्यांच्या स्टँडवर त्यांनी हयात काढली होती. कुठली गाडी कधी सुटणार आणि कुठे लागणार हे ठरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा लोकांनी हार घातले, नारळ दिला. पण कंट्रोलर काही थांबले नाहीत. स्टँडऐवजी घर चालवू लागले, एवढंच.

त्यांच्या दाराच्या चौकटीला गाडीतली घंटा होती आणि तिला दोरी. खोली बघायला आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सुशिक्षित माणसासारखी दोरी हलकेच एकदा ओढली. आतून आवाज आला, "थांबा!"

आम्ही थांबलो. ऊन डोक्यावर आलं. धाकटा बाळू माझ्या खांद्यावर झोपून गेला. कुसुम, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, "अहो, पुन्हा वाजवा ना."

मी पुन्हा एकदा ओढली.

"थांबा म्हन्लं ना!"

शेवटी रस्त्याने चाललेल्या एका बाईला आमची दया आली. डोक्यावरचा हंडा सावरत ती म्हणाली, "दोनदा वडा वो, डबल बेल! त्याबिगर हितं गाडी हालत न्हाई."

दोनदा ओढली. दार ताबडतोब उघडलं. खाकी कोट, खिशाला शिट्टी, ओठांवर झाडूसारख्या मिशा. "या, या. कवाच्यान उभं हायसा?"

मी तेव्हा जवळच्या साखर कारखान्यात नुकताच केमिस्ट म्हणून लागलो होतो. हंगाम तोंडावर होता आणि बाहेरगावचे फिटर, कारकून सगळेच खोल्या हुडकत हिंडत होते. शिवाय आम्हाला त्याआधी दोन घरमालकांनी घालवलं होतं, आणि दोन्ही वेळा कारण मी. माझं एक आहे, मला हरता येत नाही. कॉलेजात मला कॅरमचा एक कप मिळाला होता. कप बोटभर होता, पण डोक्यात हातभर गेला. पहिल्या घरी मी भर दुपारी कॅरम खेळताना राणी घेतली की ओरडायचो आणि भिंतीपलीकडे झोपलेले मालक दचकून बाजेवरून खाली यायचे. दुसऱ्या घरी सापशिडी. आमची नंदा तेव्हा पहिलीत. ती अगदी वरच्या ओळीत पोचलेली, आणि तिथे तिला सापाने गिळलं. यावर बाप म्हणून मी काय करायला हवं होतं? मी उठून नाचलो. नंदाने सापशिडीचा पुठ्ठा भिरकावला, तो मालकीणबाईंच्या लोणच्याच्या बरणीत. बाई मला म्हणाल्या, "पोरं गुणाची आहेत हो. तुम्हाला कोण आवरणार?"

तेव्हा कुसुमने सांगून टाकलं होतं, "आता तिसऱ्यांदा बोचकी उचलायची वेळ आली, तर मी मुलांना घेऊन साताऱ्याला आईकडे जाईन. तुम्ही बसा एकटे जिंकत."

हे सगळं कंट्रोलरना अर्थातच मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं वेगळंच.

"मानसं किती?"

"चार."

"चार मानसं एका गाडीत बसता का चार गाड्यांत?"

मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं उन्हाने तापलंय. म्हटलं, "एकाच बसतो की."

"बगू," असं म्हणून त्यांनी भिंतीवरून एक पत्रा काढला.

स्टँडवरच्या जुन्या वेळापत्रकाचा तो पत्रा. वेळा खरवडून त्यावर त्यांनी स्वतः रंगाने रस्ता काढला होता. खाली श्रीगोंदा, मध्ये नगर, मग जिलबीसारखा वेटोळे घेणारा करंजीचा घाट, आणि अगदी वर तिसगावचा आठवडी बाजार. त्या बाजारात शेळ्या होत्या, बांगडीवाला होता, आणि रेवड्यांचा ढीग तर घाटापेक्षा उंच. रस्त्यावर चौकोन आखलेले होते. त्यावरून चालायची एकच गाडी. लाल रंगवलेली काड्यापेटी, सगळ्यांना मिळून एक.

"दुसऱ्यांच्या सोंगट्या कुठायत?" मी विचारलं.

"दुसरं कोन?" कंट्रोलर म्हणाले. "सम्दे हितंच बसल्यात की."

सगळ्यात लहान तो ड्रायव्हर, हा घरचा नियम. म्हणजे चार वर्षांचा बाळू. त्याने कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितके चौकोन गाडी पुढे. नंदा कंडक्टर. तिने तोंडाने "टिंग टिंग" केल्याशिवाय गाडी हलायची नाही. कुसुम पॅसेंजर, तिला तक्रार करायची मुभा. मी क्लीनर, म्हणजे कॉटखाली गेलेल्या कवड्या मी रांगत जाऊन आणायच्या. "खऱ्या लाल गाडीला क्लीनर नसतो," मी शहाणपणा केला, तर ते म्हणाले, "खऱ्या गाडीत तुमी नसता."

स्वतः कंट्रोलर सूर्य. कोटाचं एक पितळी बटण पत्र्याच्या कडेकडेने चालायचं. बाळूने एकदा कवड्या टाकल्या की बटण एक घर पुढे. गाडी बाजारात पोचण्याआधी बटण मावळतीच्या घरात गेलं, की बाजार उठला आणि सगळे हरले. आधी गाडी पोचली तर सगळे जिंकले. वाटेत पंक्चर, म्हशी, आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर रेडिएटर उकळणार. तिथे पाणी घालायला आम्हा प्रत्येकाजवळ मूठभर चिंचोके. पंक्चर असो, म्हशी असोत की वळण, एका वेळी एक चिंचोका, कुणीही द्यावा.

"गाडी तिसगावात पोचली की खोली पक्की," कंट्रोलर म्हणाले. "तवर तुमी स्टँडावरचे पाशिंजर. राहा, खावा, पर सामान सोडायचं न्हाई."

मला वाटलं, विनोद आहे. तो माणूस विनोद करत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिट्टी मारून आमच्याकडून वळकट्या बांधून घेतल्या. ट्रंकेची दोरी त्यांनी स्वतः ओढून पाहिली. एक पातेलं, एक तवा आणि अंगावरचे कपडे एवढी सवलत. भिंतीतल्या फळ्या मोकळ्या, कुसुमचे डबे पोत्यात. खेळ दर रविवारी.

पहिल्या रविवारी मी काय केलं ते सांगतो. मी डोकं लावलं. पंक्चरला कुसुमचा चिंचोका जाऊ दिला, म्हशींना नंदाचा. घाट लागला तेव्हा ड्रायव्हरची मूठ रिकामी झाली, मग बायकोची, मग लेकीची. रेडिएटर उकळला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मूठ उघडून अभिमानाने दाखवली. माझे सगळे चिंचोके शाबूत होते!

"मी जिंकलो!" मी म्हणालो.

कंट्रोलरनी घंटा एकदा वाजवली. म्हणजे गाडी थांबली, खेळ संपला.

"सायेब," ते म्हणाले, "गाडी घाटात पेटलीया. तुमची लेकरं आत हायती. आन तुमी पान्याची बाटली कवटाळून हसताय."

"तसं नाही, मी शेवटच्या वळणासाठी..."

"साताऱ्याची गाडी कधी असते हो, कंट्रोलर?" कुसुमने विचारलं.

मी हरलो होतो. बरं, मला हरवून जिंकणारंही कुणी नव्हतं. असला अपमान मला कॅरमनेसुद्धा केला नव्हता.

बाकीच्या खेळांबद्दल कंट्रोलरची मतं ठाम होती. सापशिडी म्हटली की ते कानावर हात ठेवायचे. "लेकराला सापाच्या तोंडी देता, आन वर मंता खेळ." ल्युडोवर तर त्यांचा खास राग. "दुसऱ्याची गाडी आडवायची, तिला मागं धाडायची, आन मग हसायचं. येकदा मला स्टँडावर करून दाखवा. दुसऱ्याचं पंक्चर हा आपला फायदा असतोय व्हय?" बुद्धिबळाचं नाव मी काढणार होतो, पण मिशा बघून गिळलं.

त्यांच्या बोलण्यात सगळं जग गाड्यांचं होतं. उशिरा उठणारा तो 'लेट'. लग्न न झालेला तो 'जादा गाडी'. स्वतःच्या बायकोला ते 'मुक्कामी गाडी' म्हणायचे, कारण रात्री सगळ्यांत शेवटी टेकायची ती, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी सुटायची तीही. काकू त्यावर एवढंच म्हणायच्या, "मी हाय म्हून डेपो चाललाय."

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. गल्लीत टँकर यायचा आणि आला की जणू लढाई. हंड्यांवर हंडे, कोपराला कोपर, निम्मं पाणी रस्त्यावर. एकदा कंट्रोलर शिट्टी फुंकत मध्ये उभे राहिले. बायकांना म्हणाले, "नळीपाशी येकच बाई. बाकीच्या वळीनं हुबं ऱ्हावा, आन हंडं हातोहात फुडं द्या. भरलेला हंडा कुनाच्या का दारात जाईना." एक म्हातारी भांडायला उठली, "आन माजा हंडा?" "आजे, तुजाच पयला," ते म्हणाले, आणि खरोखर तिचाच पहिला भरला. त्या दिवशी गल्लीत सांडलेल्या पाण्यासाठी कुत्रीसुद्धा आली नाहीत. मी त्या ओळीत मध्यभागी होतो. रिकामा हंडा पुढे द्यायचा की मागे, यात माझा गोंधळ झाला, आणि एका नव्या नवरीचं तांब्याचं घंगाळ गटारात गेलं, ते सोडा.

दुसऱ्या रविवारी मी सुधारलो. आता सगळ्यांनी मिळून जिंकायचं आहे ना? मग मी सगळ्यांना जिंकवतो! मी कागदावर हिशेब मांडून बसलो. "नंदा, चिंचोका दे. तो नाही, हा! कुसुम, तू आत्ता तक्रार करू नकोस. बाळू, कवड्या अशा नाही टाकायच्या, मनगट सैल सोड, थांब, दे इकडे." असं करत करत कवड्या माझ्या हातात, घंटा माझ्या तोंडी, चिंचोके माझ्या मांडीवर. गाडी घाटाच्या निम्म्यावर आलीसुद्धा. मान वर करून पाहतो तो नंदा काकूंच्या सुपात खडे वेचतेय, कुसुम भाकरी थापतेय आणि ड्रायव्हर कॉटखाली झोपलाय.

घंटा. एकदाच.

"गाडीत कोन हाय?" कंट्रोलरनी विचारलं.

"मी आहे ना!"

"क्लीनर रिकामी गाडी पळवून न्हेतोय," ते आत वळून ओरडले, "कुनीतरी फौजदाराला सांगा!"

मग त्यांनी पत्र्याच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं माझ्यासमोर धरली. 'चालकाशी बोलू नये.' मी ती नक्षी समजलो होतो.

त्या रात्री वळकटीवर डोकं टेकवत कुसुम म्हणाली, "येत्या रविवारी गाडी नाही पोचली, तर सोमवारी मी खरीच गाडी पकडते. पोतं बांधलेलंच आहे. तेवढंच एक बरं." यावर मी जे बोललो, ते न बोलतो तर बरं झालं असतं.

तिसऱ्या रविवारी खेळाआधी कंट्रोलर माझ्याकडे वळले. "क्लीनर, तोंडात कायतरी धरा. बोललासा की गाडी रद्द. सुपारी हाय का?"

सुपारी नव्हती. मी माझ्याच वाट्याचा एक चिंचोका उचलून गालात टाकला आणि हाताची घडी घालून बसलो.

काय सांगू, मी गप्प बसल्यावर गाडी अशी सुटली! बाळू कवड्यांना फुंकर मारून, "हिला घुर्र करायचंय" असं सांगून फेकायचा. पंक्चरला नंदाने चिंचोका दिला आणि वर बाळूला दम भरला, "ड्रायव्हर, खड्डे बघून चालवा. पॅसेंजर बाई ओरडतात." पॅसेंजर बाई खरोखरच ओरडत होत्या, "अहो कंडक्टर, ही खिडकी लागत नाही, आणि हा क्लीनर माझ्या पदरावर बसलाय!" मुलं लोळून हसत होती. कुसुमला इतकं हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होतो. नगर मागे पडलं. घाट लागला.

आणि मला दिसलं.

कंट्रोलर खोकले, आणि खोकता खोकता सूर्य दोन घरं सरकला. मला वाटलं, भास. पुढच्या वळणावर ते पुन्हा खोकले. पुन्हा दोन घरं! आता आयुष्यभर खेळात लबाडी केलेल्या माणसाला दुसऱ्याची लबाडी ओळखू येणार नाही का? पण तोंडात चिंचोका, आणि बोललो तर गाडी रद्द. मी आभाळाकडे बोट दाखवलं. मग बटणाकडे. मग कंट्रोलरच्या घशाकडे. मग दोन बोटं नाचवली.

"दाढ दुखतेय का?" कुसुमने विचारलं.

"बाबा सूर्यनमस्कार घालतायत," नंदा म्हणाली.

मी डोळे फिरवले, छाती बडवली, पत्र्याभोवती रांगलो. बाळूला ते फार आवडलं. तोही माझ्यामागे रांगू लागला, तेव्हा गाडी बिनड्रायव्हरची उभी राहिली. आणि तेवढ्यात उंबऱ्यात बाजरी पाखडणाऱ्या काकूंचा आवाज आला. सूप थांबलं नाही, मान वर झाली नाही.

"आवो, सूर्व्या मागं घ्या."

कंट्रोलरच्या मिशा थरथरल्या. "कंचा सूर्व्या?"

"त्योच. येका फेरीला येकच घर चालतोय. तुमी दोन चालिवला. दर बिऱ्हाडाला तेच." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या आदी मास्तर ऱ्हायचे हितं. दोन पोरं त्यांची. लई दिस खेळले, दर खेपंला हसनं, दर खेपंला दंगा. येक दिस गाडी पोचली, सामान सोडलं, आन दार लावून घेतलं. पुना अंगनात आली न्हाईत. मानूस पोचला की दार लावतोय. म्हून ह्यांचा सूर्व्या पळतोय."

कंट्रोलरनी बटण बोटाने मागे मागे सरकवलं. पत्र्यावर ते करकरलं. सबंध स्टँडला दरडावणारा तो माणूस शाळेतल्या पोरासारखा पत्र्याकडे बघत बसला.

"चला," ते पुटपुटले. "ड्रायव्हर, टाका."

शेवटचं वळण. रेडिएटर उकळला. बाळूची मूठ रिकामी. नंदाने फ्रॉकचा खिसा उलटा केला, त्यातून एक खडू पडला. कुसुमने पदराची गाठ सोडून दाखवली. माझ्यापुढेही काही नव्हतं. या वेळी मी खरंच सगळं दिलं होतं, आणि सूर्याची लबाडी सांगण्याच्या नादात गालातलं पार विसरलो होतो.

"पानी संपलं," कंट्रोलर म्हणाले. त्यांचा हात घंटेच्या दोरीकडे गेला. कुसुमने पोत्याकडे बघितलं. मला ते बघणं अजून आठवतं.

"बाबांच्या गालात आहे!" बाळू किंचाळला.

सगळे माझ्यावर तुटून पडले. मी दचकून आवंढा गिळणार, तेवढ्यात कुसुमने पाठीत असा गुद्दा घातला की चिंचोका बंदुकीच्या गोळीसारखा सुटला, पत्र्यावर टण्णकन आपटला आणि बरोबर रेडिएटरपाशी गिरक्या घेत थांबला.

"हे चालतं का?" नंदाने विचारलं.

कंट्रोलरनी वाकून तो चिंचोका बघितला. माझ्या थुंकीने चकाकत होता.

"रेडिएटरला पानी लागतंय," ते गंभीरपणे म्हणाले. "ह्ये तर लईच वलं हाय."

बाळूने फुंकर मारली, कवड्या फेकल्या, नंदाने "टिंग टिंग" केलं, आणि काड्यापेटी रेवड्यांच्या ढिगात शिरली. बटण मावळतीच्या दारात उभं होतं. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. मी कुणाला तरी उचलून नाचत होतो, आणि ते पोर नसून काकूंचं सूप आहे हे बाजरी डोक्यावर पडल्यावर कळलं. नंदा दाराची खरी घंटा ओढत सुटली. शेजारीपाजारी धावत आले. कुसुमने तोवर दातांनी ट्रंकेची दोरी तोडली होती आणि पोत्यातले डबे फळीवर चढू लागले होते.

कंट्रोलर गलबल्यातून उठले. पत्रा पुसला, काड्यापेटी खिशात घातली, आणि भिंतीवरच्या खिळ्याकडे निघाले. "झ्याक," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "पोचली. खोली पक्की."

"आजोबा," नंदा मागून म्हणाली, "बाजार झाला. आता घरी जायची गाडी कुठली?"

ते पत्रा हातात धरून तसेच उभे. "मंजी?"

"म्हणजे परत यायची. श्रीगोंद्याला. का आम्ही तिसगावलाच राहायचं?"

मी कंट्रोलरच्या तोंडाकडे बघितलं. उभा जन्म या माणसाने गाड्या पाठवल्या होत्या आणि परत घेतल्या होत्या, आणि पत्र्यावर परतीचा रस्ता काढायचाच विसरला होता! काकू उंबऱ्यात बसून पदर तोंडात कोंबत हसत होत्या. "बगा की कंट्रोलर! लोकास्नी बाजारात सोडून आलात."

कंट्रोलरनी पत्रा उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिच्याकडे बघता बघता त्यांच्या मिशा हळूहळू वर चढल्या.

"क्लीनर!" ते गरजले. "चुलीमागं रंगाचा डबा हाय, आना! लेकरांनो, बसा. आता घाट उतरायचाय. हितं पानी न्हाई, बिरेक लागनार. आन अंधार पडायच्या आत न्हाई जमायचं, तवा सूर्व्याच्या जागी चांदोबा..." मध्येच ते थांबले. आमच्या खोलीच्या दाराकडे बघून जरा आवाज उतरवून म्हणाले, "ताई, तुमी दार लावनार का?"

"एवढी एक फळी लावते आणि आले," कुसुम आतून ओरडली. "माझ्याशिवाय सोडू नका हं!"

नोकरीभर मामलेदारासाठीसुद्धा कधी गाडी न थांबवलेला तो माणूस खाकी कोटाने पत्रा पुसत खाली बसला.

"या सावकाश," ते म्हणाले. "गाडी हुबी हाय."